सिम बसलं, पण फोन वाजेना

माझा नंबर आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला आहे. वर ‘आशा स्वयंसेविका’ आणि खाली दहा आकडे. पेंटरने त्यातला साताचा आकडा असा काढलाय की तो एकासारखा दिसतो, त्यामुळे वर्षातून दोन-चार फोन कुण्या अनोळखी माणसाला जातात. तो बिचारा आता सवयीने सांगतो, ‘‘ताईचा नंबर सातवाला आहे.’’ हे एवढ्यासाठी सांगते की पुढच्या सगळ्या भानगडीत एकच अट होती, नंबर बदलायचा नाही. आधार, बँक, पीएम किसान सगळं याच नंबरावर, आणि रात्री-बेरात्री कुणाला कळा सुरू झाल्या की घरचे लोक भिंत पाहूनच फोन लावतात.

आमचं गाव केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला. माझ्याकडे गाव आहे आणि तीन किलोमीटरवरचं कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आहे. 2025 च्या जुलैत पोडावरून येताना नाल्याला पाणी होतं. चपला हातात, रजिस्टर डोक्यावर, फोन ब्लाउजमध्ये. वाकले तेवढ्यात तो गेला पाण्यात. बाहेर काढला तेव्हा चालू होता, त्यामुळे मी मूर्खासारखी लगेच घरी फोन लावून सांगितलं की फोन पाण्यात पडला. तो त्याचा शेवटचा फोन. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला. तांदूळ चांगले झाले, फोन नाही.

जुलैत आमच्याकडे पैसा नसतो. पऱ्हाटीला खताचा डोस, निंदणाची मजुरी, पोराची कॉलेजची फी, सगळं एकदाच येतं. नवा फोन म्हटला की नऊ-दहा हजार. त्यातच माझ्या मोठ्या बहिणीचा पोरगा अमेरिकेतून लग्नाला आला होता. तिथं शिकतो. त्याचा दीड वर्ष वापरलेला सॅमसंग त्याने बॅगेतून काढून माझ्या हातात दिला. ‘‘मावशी, घे. नवा घेतला मी. हा पडूनच असते.’’ फोन देखणा. काच चकचकीत, कॅमेरा असा की पोडावरच्या लेकराच्या अंगावरचं पुरळही स्पष्ट दिसावं. मी तर खूशच झाले.

माझं सिम घातलं. फोनने इंग्रजीत पिन मागितली. सिमची पिन असेल म्हणून मी चार शून्य मारले. नाही. पोराने वाचून सांगितलं, ‘‘आई, हे सिमचं नाही, नेटवर्कचं लॉक आहे.’’

तिकडे म्हणे ही रीतच आहे. मोबाइल कंपनी फोन स्वस्तात देते, पण आपल्याच सिमला बांधून देते. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. आपल्याकडे साधारणपणे असं नसतं, दुकानातून घेतलेल्या फोनमध्ये कोणतंही सिम घाला. जिओफोन तेवढा जिओच्याच सिमवर चालायचा, म्हणून गावात काहींना ही गोष्ट लगेच समजली. बाकीच्यांना समजावताना मी सांगायचे, दावं सोडल्याशिवाय बैल दुसऱ्याच्या गाडीला जुंपता येत नाही.

पांढरकवड्याला मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथल्या पोराने फोन उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘काकू, 800 रुपये द्या, संध्याकाळपर्यंत खोलून देतो.’’ कसा खोलणार विचारलं तर नुसता हसला. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात फोन होता, त्यावर नुसता काळा पडदा. मी विचारलं, ‘‘तुमचा काय झाला भाऊ?’’ तो म्हणाला, ‘‘खोलाले देल्ला होता.’’ मी आपला फोन उचलला आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

खरा मार्ग फुकटचा निघाला. फोनचे पैसे पूर्ण फिटलेले असले आणि तो ठरावीक काळ त्यांच्या नेटवर्कवर चाललेला असला, की तिकडची कंपनी अर्ज केल्यावर स्वतःच लॉक काढून देते. अर्ज मात्र ज्याच्या नावावर फोन आहे त्यानेच करायचा. भाचा तोवर परत गेला होता. मी त्याला फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, पाठवला. डायलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकड्यांचा नंबर येतो, तो. चार दिवसांनी त्याचा निरोप आला, वायफायला जोडून फोन बंद-चालू कर. वायफाय आमच्या ग्रामपंचायतीत आहे. तिथं बसून केलं. पिन मागणं थांबलं. मला वाटलं, झालं काम.

आता सिमचं. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा माझा 28 दिवसांचा 239 चा पॅक 299 वर गेला. त्यात 28 दिवसांचा हिशेब असा की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. तेरा गुणिले 299 म्हणजे 3,887 रुपये. एवढं देऊनही घरात रेंज नव्हती, छतावर चढावं लागायचं, आणि पोडावर तर काहीच नाही. पोडाच्या टेकाडाजवळ बीएसएनएलचा जुना टॉवर आहे, तिथले लोक साध्या बटणाच्या फोनवर त्याच्याच भरवशावर बोलतात. आणि आमच्या गावात बीएसएनएलचा नवा 4जी टॉवर उभा राहिला होता. 4जी न पोचलेल्या गावांसाठी केंद्राने 2022 मध्ये 26,316 कोटींची योजना मंजूर केली होती, त्यातला हा असावा असं आमचे ग्रामसेवक म्हणतात. टॉवर पाण्याच्या टाकीमागेच. माझ्या चुलीपासून दिसतो.

मी एक शहाणपण केलं, आणि तेवढ्याबद्दल स्वतःची पाठ थोपटते. नंबर लगेच पोर्ट नाही केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली नाही. ऑगस्टमध्ये बीएसएनएलची नव्या सिमला योजना होती, 1 रुपयात 30 दिवस, रोज 2 जीबी डेटा, हवे तेवढे कॉल आणि 100 एसएमएस. आधार दाखवून, अंगठा देऊन सिम घेतलं. म्हटलं, एका रुपयात महिनाभर पाहून घेऊ, मगच भिंतीवरचा नंबर हलवू.

सिम बसलं. वर टॉवरच्या काड्या पूर्ण आल्या. इंटरनेट येईना. हे मात्र सोपं होतं. फोन परदेशी, त्याला आपल्या कंपनीची माहिती नाही, म्हणून एपीएन हाताने लिहावा लागतो. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क, त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट, तिथं इंग्रजी छोट्या अक्षरांत बीएसएनएलनेट असा एकच शब्द, मध्ये जागा न सोडता. जतन केलं, फोन बंद-चालू केला, आणि चुलीपाशी बसून व्हिडिओ चालला. पोरगा म्हणाला, ‘‘आई, छतावरचं घर खाली आलं.’’

मग खरी गंमत सुरू झाली. मी पोडावर गेले की या नव्या सिमवर फोन वाजायचा. घरी आले की वाजायचा नाही. काड्या घरी पूर्ण, पोडावर दोनच, आणि तरी हे असं. घरून कुणाला लावला तर जरा वेळ थांबून कट. मला कुणी लावला तर त्याला बाई सांगायची की संपर्क क्षेत्राबाहेर आहे. घरी बसून मी संपर्क क्षेत्राबाहेर! आमच्या घरचे म्हणाले, ‘‘तुही बहीण अमेरिकेची, फोन अमेरिकेचा, त्याले वाटते तू तिकडंच हायस.’’ बहीण यवतमाळला राहते, पण ते जाऊ द्या.

पोळ्याच्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे चारला दार वाजलं. पोडावरचा एकजण मोटरसायकल घेऊन उभा. त्याच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, रात्री दोनपासून मला फोन लावत होता. मी फोन पाहिला तर उशाशी चालू, पूर्ण काड्या, एकही मिस्ड कॉल नाही. टिपेश्वरच्या कडेचा तो रस्ता रात्री कसा असतो ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात वाघिणीने काय दहशत बसवली होती ते सगळ्यांना आठवतं. हा माणूस अंधारात एकटा आला होता. मी त्याच्याच फोनवरून 108 ला लावायला गेले तर त्यालाही माझ्या अंगणात रेंज नाही. शेवटी शेजारच्या मास्तरांच्या फोनवरून लावला. गाडी आली, बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात नीट झालं, मुलगी झाली. पण त्या माणसाने मला काहीही न बोलता जे पाहिलं ते मला महिनाभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी टॉवरच्या कुंपणात एक तंत्रज्ञ पोरगा बॅटरीचं काम करत होता. मी त्याला चहा नेऊन दिला आणि विचारलं. त्याने हातचं काम न सोडता सांगितलं. त्याचं बोलणं माझ्या भाषेत सांगते. हा नवा टॉवर फक्त 4जीचा आहे. 4जी मुळात इंटरनेटसाठी, त्यावरून बोलायचं तर आवाजही इंटरनेटसारखाच पाठवावा लागतो, त्याला व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये आपल्या कंपनीसाठीचं व्होल्टी चालू नसेल तर कॉल आल्यावर फोन खाली उतरतो, जुन्या 2जीवर. पोडाजवळच्या जुन्या टॉवरवर 2जी आहे, म्हणून तिथं वाजतो. गावात नुसतं 4जी, खाली उतरायला पायरीच नाही. मास्तरांचा फोन इथलाच, म्हणून वाजतो. माझा अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंपनीचं व्होल्टी घातलेलंच नाही.

‘‘पण याचं लॉक तं काढलं ना भाऊ,’’ मी म्हटलं.

‘‘लॉक वेगळं, काकू. लॉक काढलं म्हणजे सिम घुसते. बोलता येईनच असं नाही.’’

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! मी सेटिंगमध्ये शोधून पाहिलं. ज्या जागी व्होल्टी कॉलचं बटण असतं म्हणतात, तिथं माझ्या फोनमध्ये ती ओळच नव्हती. माझं जुनं सिम घालून पाहिलं, तर तिथंही तेच: नेट चालतं, कॉल जात नाही. म्हणजे दोष कंपन्यांचा नव्हताच. पोराने इंटरनेटवर शोधून सांगितलं की काही लोक फोनचं सॉफ्टवेअरच बदलतात. मला दुकानातल्या खुर्चीवरचा काळा पडदा आठवला. म्हटलं, नको.

पुढचा दीड महिना मी एक जुगाड चालवला. दिवसा 4जी, आणि रात्री सेटिंगमध्ये जाऊन फोन फक्त 2जीवर ठेवायचा. त्याने पोडाजवळच्या लांबच्या टॉवरची एक काडी कशीबशी पकडायची. ती काडी घरात फक्त एका जागी यायची, न्हाणीघराच्या खिडकीच्या गजाला, उत्तरेकडच्या कोपऱ्यात. तिथं मी फोन पिशवीत घालून टांगायचे. पावसात पिशवीवर पिशवी. रात्री तीन वेळा उठून पाहायचं की काडी आहे का. सासूबाई म्हणायच्या, ‘‘लेकरू नाही तं फोन झोपवते माय.’’ चार-पाच फोन त्यातून आले हे खरं. पण टांगलेला फोन वाजला की मी धावेपर्यंत तो कट व्हायचा, आणि उलटा लावायला गेलं की काडी गेलेली.

शेवटी ठरवलं, जुनाच घ्यायचा, पण आपल्या इथल्या बाजारासाठी बनलेला. आणि घेण्याआधी टॉवरला विचारून घ्यायचा. म्हणजे टॉवरवाल्या पोराला. तो म्हणाला, 4जी फोन तर घ्याच, पण बीएसएनएलचं 4जी 700 आणि 2100 मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. 700 ला बँड 28 म्हणतात, 2100 ला बँड 1. 700 चा पल्ला लांब, भिंतीतूनही शिरतो, म्हणून खेड्यात तोच कामाचा. काही जुन्या स्वस्त फोनमध्ये हा बँड 28 नसतो. दुकानात फोनचं पूर्ण मॉडेल नाव घेऊन तपशील पाहा, नुसतं ‘4जी’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. मी लसीकरणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं: बँड 28, बँड 1, व्होल्टी.

गावातल्याच एका पोराने 4,000 ला फोन दाखवला. मॉडेल चांगलं, बँड 28 होता. मी म्हटलं, माझ्यासमोर पूर्ण रीसेट कर. केला तर सुरू होताना पडद्यावर आलं की हे उपकरण अमुक संस्थेच्या ताब्यात आहे. हप्त्यावर घेतलेला होता. हप्ते थकले की फायनान्सवाले दुरूनच फोन बंद करतात, तो तसा बंद व्हायच्या बेतात होता. पोरगा खजील झाला. मी काही बोलले नाही, त्याच्या आईला मी ओळखते.

मग नागपूर. महिलांना एसटीत 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटर जाऊन-येऊनही अंगावर आलं नाही. बर्डीच्या गल्ल्यांत एका दारात पन्नास दुकानं, प्रत्येकाबाहेर एक पोरगा ‘‘मोबाइल पाहिजे का काकू’’ म्हणून उभा. मी सकाळी अकराला शिरले ते चारला बाहेर पडले. ज्या दुकानदाराने मला स्टुलावर बसू दिलं, त्याच्याकडूनच शेवटी घेतला. मोटोरोलाचा, दोन वर्षं जुना, 6,200 सांगितला, 5,600 ला दिला. खोकं होतं, जुनं बिल होतं, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स त्याने स्वतःच फाइलमधून काढून दाखवली. त्यावर मी जास्त विश्वास टाकला.

तिथं बसून केलेली कामं सांगते, कारण त्यातच माझी संध्याकाळची गाडी चुकली आणि तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. आधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय काढला, दोन सिमांचे दोन येतात. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्यांशी जुळवला. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून, पंधरा आकडे टाकून 14422 वर पाठवला. ही संचार साथीची सोय आहे, केंद्राच्या दूरसंचार विभागाची, 2023 पासून देशभर चालू. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, किंवा एकच नंबर अनेक फोनांत असेल, तर उत्तरात तसं येतं. माझ्या फोनचा वैध आला, कंपनी आणि मॉडेलचं नावही तेच आलं. दुकानदार म्हणाला, ‘‘काकू, एवढं तर पोलीसवालेही पाहत नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘त्यांना रात्री दोनला कोणी फोन नाही करत.’’ हे चूक आहे, त्यांनाही करतात, पण तेव्हा सुचलं ते बोलले.

मग पूर्ण रीसेट. सुरू होताना आधीच्या मालकाचं गूगल खातं मागितलं तर तो फोन म्हणजे नुसती वीट. नाही मागितलं. त्यानंतर माझं एक रुपयावालं सिम घातलं. ते सिम मी मुद्दाम रिचार्ज करून चालू ठेवलं होतं. व्होल्टीचं बटण दिसलं, पण नागपुरात सगळीकडे सगळंच नेटवर्क, तिथं वाजला म्हणजे गावात वाजेल असं नाही. म्हणून दुकानदाराला म्हटलं, सेटिंगमध्ये फक्त 4जी ठेवा, 2जी-3जी बंद, आणि मग तुम्ही मला फोन लावा. कॉल आला. बोलताना वर 4जी तसंच राहिलं, खाली उतरलं नाही. घरी हेच होणार होतं, म्हणून ही माझी खरी परीक्षा. बँड 28 तर त्याने मॉडेलच्या तपशिलात मला बोट ठेवून दाखवला. फोन चार्जिंगला लावून अर्धा तास पाहिला, गरम किती होतो ते. हेडफोनची जागा, कॅमेरा, स्पीकर, हे पोराने सांगितलेलं, उरकलं.

रात्री साडेदहाला घरी पोचले. पोरगा जागाच होता. त्याच्या फोनवरून लावायला सांगितलं. चुलीपाशी उभी होते. दोन सेकंद काहीच नाही. मग वाजला. आमच्या घरचे आतून म्हणाले, ‘‘वाजला बाप्पा एकदाचा.’’ सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, आता न्हाणीची पिशवी काढ, कपडे वाळवाले जागा नाही.

चार-पाच दिवस तसाच पाहिला. घरी, वावरात, पोडावर, नाल्यात. वावरात विहिरीजवळ वाजतो, बाभळीखाली नाही. नाल्यात नाही, पण नाल्यात तर जुनाही नव्हता.

मगच पोर्टिंग. दसरा झाला, त्यानंतरच्या आठवड्यात. पोर्ट असं इंग्रजीत लिहून, पुढे आपला नंबर टाकून 1900 वर मेसेज केला. ज्या सिमचा नंबर हलवायचा त्याच सिमवरून करायचा, हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावातल्या दोघींनी नवऱ्याच्या फोनवरून केला होता. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, युपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. त्या चार दिवसांत सेवा केंद्रात जाऊन आधारसह द्यायचा. नंबर त्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेला असावा लागतो, माझा तर आठ वर्षांचा. जुन्या सिमवरची शिल्लक मात्र जाते, म्हणून मी पॅक संपायला दोन दिवस असताना गेले. पांढरकवड्याच्या काउंटरवरच्या ताई मोठ्या हुशार. त्यांनीच सांगितलं, ‘‘पोर्टिंग चालू असेपर्यंत जुनं सिम काढू नका. नेटवर्क गेलं की नवं घाला.’’ एकाच दूरसंचार मंडळातलं पोर्टिंग तीन कामाच्या दिवसांत होतं. मधे रविवार आला. माझे सगळे जीव त्या तीन दिवसांत गेले. शेजारच्या मास्तरांचा नंबर मी पोडावर आणि गावात तेवढ्यापुरता सांगून ठेवला होता. मास्तरांना त्यातच दोन फोन आले, एक तापाच्या गोळीसाठी, एक मास्तरच आहात का म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी मी मका निवडत होते, जुन्या सिमची रेंज एकदम गेली. नवं सिम घातलं, 1507 वर पडताळणी केली, काउंटरच्या ताईंनी आधीच व्होल्टी चालू करून ठेवलं होतं. रिचार्जला 225 चा पॅक टाकला. बीएसएनएल 1 ऑक्टोबर 2000 ला सुरू झाली, तिला पंचवीस वर्षं झाली म्हणून तो पॅक आणला होता, 30 दिवस, रोज अडीच जीबी. वर्षात तेरा नाही, बारा रिचार्ज, वर पाच दिवस. 2,700 आणि 3,887 यातला फरक मी कागदावर काढून आमच्या घरच्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘आणि नागपूरच्या वड्याचे?’’ मी तिथं वडे खाल्ले हे त्यांना कुणी सांगितलं, कळलं नाही.

पुढे दोन-तीन गोष्टी पुन्हा कराव्या लागल्या. सिम बदललं की पैशाच्या अ‍ॅपला परत ओळख द्यावी लागते. ते फोनमधूनच एक मेसेज पाठवतं, म्हणून रिचार्जमध्ये मेसेज असलेले बरे. आमच्या घरच्यांनी कापूस खरेदीसाठीच्या कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी केली, 2025-26 च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ती लागायचीच. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 8,110 होता. नोंदणीसाठी सातबारा आणि ओटीपी. ओटीपी माझ्या चुलीपाशी आला. नंतर लाडकी बहीणच्या ई-केवायसीला आठ-दहा जणी अंगणात बसल्या. बाईचा ओटीपी, मग नवऱ्याचा. साइट माझ्या फोनवर, ओटीपी त्यांच्या-त्यांच्या फोनवर. एकीचा नवरा हैदराबादला कामाला, त्याला फोन करून ओटीपी विचारला तर तो म्हणाला, कोणाले देऊ नका म्हणून टीव्हीवर सांगतात. त्याचंही बरोबरच. त्याला समजवायला अर्धा तास आणि बायकोचा आवाज लागला.

अमेरिकेचा फोन पोराकडे आहे. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर तो त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहतो, बाकी काय पाहतो ते तो पाहतो. परवा भाच्याने व्हिडिओ कॉल केला. ‘‘मावशी, फोन चालतो का गं? वापरते ना?’’

‘‘वापरतो म्हणजे काय. तुह्याच फोनवर बोलून रायली ना मी,’’ मी म्हटलं. आणि खरंच त्याच्यावरच बोलत होते, व्हॉट्सअ‍ॅपवर तो मस्त वाजतो. पोडावरच्या माणसाकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही, एवढंच.